न्यायासनासमोर: आरंभीच्या ख्रिस्ती हौतात्म्याविषयी

इसवी सन १८०, जुलैची १७ तारीख. कार्थेज शहरात आफ्रिका प्रांताचा रोमन अधिपती सॅटर्निनस याच्यासमोर स्किली गावातली १२ माणसं आणून उभी केली आहेत, सात पुरुष आणि पाच बायका. अधिपती रागावलेला नाही. शहाणपणाने वागलात तर सम्राटाकडून माफी मिळेल, असं तो सुरुवातीलाच सांगतो. सम्राटाच्या दैवताची शपथ घ्या, विषय संपला. त्यांच्या वतीने बोलणारा स्पेराटस सांगतो, आम्ही कधी कुणाचं वाईट केलं नाही, चोरी केली नाही, घेतलेल्या मालावर कर भरतो. त्यांच्याजवळ एक पेटी आहे. तिच्यात काय आहे, असं सॅटर्निनस विचारतो. पुस्तकं आहेत आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं आहेत, असं उत्तर येतं. मग तो विचार करायला ३० दिवसांची मुदत देऊ करतो. इतक्या उघड गोष्टीत विचार कसला करायचा, म्हणून मुदतही नाकारली जाते. निकाल वाचला जातो: तलवारीने शिरच्छेद. बाराही जण देवाचे आभार मानतात.

एवढंच. सगळा मजकूर छापील एक-दीड पानाचा. त्यात चमत्कार नाही, आकाशवाणी नाही, छळाचं वर्णनही नाही. लॅटिन भाषेत तारखेसह लिहिलेला हा सर्वांत जुना ख्रिस्ती मजकूर, आणि तो आहे एका खटल्याची नोंद. या पुस्तकाचा विषय त्या दीड पानात जवळजवळ पूर्ण सामावलेला आहे. राज्यकारभार पाहणाऱ्या एका समंजस माणसाला ही हट्टी माणसं मारून टाकण्याजोगी का वाटली? सुटकेचा रस्ता समोर असताना त्यांनी तो का धरला नाही? आणि तिसरा प्रश्न, जो सहसा विचारला जात नाही: हे सवाल-जवाब कुणी उतरवून घेतले, कुणी जपले, कुणाला वाचून दाखवण्यासाठी?

या तिसऱ्या प्रश्नावर मी या प्रस्तावनेत आणि पुस्तकातही अधिक भर दिला आहे. माझं म्हणणं असं, की आरंभीच्या ख्रिस्ती जगात हौतात्म्याचा अर्थ मारणाऱ्याने ठरवला नाही आणि मरणाऱ्यालाही तो एकट्याने ठरवता आला नाही. तो ठरला मागे राहिलेल्यांच्या वादात. खरा हुतात्मा कोण, उतावळा कोण, लपून बसला तो दोषी की शहाणा, आणि भीतीने कचरलेल्याला पुन्हा पंगतीत घ्यायचं की नाही, या भांडणांतून चर्चची शिस्त, अधिकार, पंचांग आणि स्मरणाच्या रीती घडत गेल्या.

आधी एक रूढ समजूत बाजूला करावी लागेल. बहुतेकांच्या मनात या काळाचं एक चित्र आहे. तीनशे वर्षं अखंड छळ, भुयारांत लपून चालणारी उपासना, कोलोसियममध्ये सिंह. संडे स्कूलमधल्या गोष्टींनी आणि हॉलिवूडच्या चित्रपटांनी ते पक्कं केलं आहे. प्रत्यक्षात रोमची भुयारं ही दफनभूमी होती. तिथे लोक मृतांना पुरायला आणि त्यांची आठवण करायला जात, लपायला नव्हे. ६४ साली रोम जळल्यावर सम्राट नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घेऊन त्यांना क्रूरपणे मारलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. पण ती घटना रोम शहरापुरती होती आणि टॅसिटसने ती लिहिली सुमारे अर्ध्या शतकानंतर. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं छळ झाला तो तुटक, स्थानिक, कधी जमावाच्या दबावाखाली, कधी एखाद्या अधिपतीच्या मर्जीने. साऱ्या साम्राज्याला लागू होणारा पहिला हुकूम निघाला तो २४९-५० च्या सुमारास, सम्राट डेसियसच्या काळात. एखाद्या गावात दोन पिढ्यांत एकदाही काही घडलं नाही आणि शेजारच्या शहरात एका उन्हाळ्यात पन्नास घरं उद्ध्वस्त झाली, अशी ही परिस्थिती असू शकत होती.

मग अडचण नेमकी कशाची होती? याचं सर्वांत बोलकं उत्तर सुमारे ११२ सालच्या एका सरकारी पत्रव्यवहारात आहे. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा कारभार पाहणारा प्लिनी सम्राट ट्रेजनला लिहितो की ख्रिस्ती लोकांवरचे खटले मी यापूर्वी कधी पाहिलेले नाहीत, तेव्हा मार्गदर्शन करावं. आपण काय करतो तेही तो सांगतो. आरोपीला तो तीनदा विचारतो, शिक्षेची धमकी देतो, आणि तरी जो ऐकत नाही त्याला मृत्युदंड फर्मावतो, कारण काही नाही तरी एवढा हट्ट शिक्षेलाच पात्र आहे. जे सम्राटाच्या पुतळ्यासमोर धूप आणि मद्य वाहतात आणि ख्रिस्ताला शिव्या देतात, त्यांना तो सोडून देतो. खरं काय ते काढून घेण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत सेविका म्हणून काम करत होत्या. हाती लागली ती, त्याच्या मते, एक अतिरेकी अंधश्रद्धा. त्या दोघींची नावं त्याला लिहावीशी वाटली नाहीत. ट्रेजनचं उत्तर थोडक्यात असं: त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, आमच्या देवांची पूजा केली तर माफ करा.

या उत्तरातली विसंगती कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने १९७ च्या सुमारास नेमकी पकडली. गुन्हेगार असतील तर शोधायचे का नाहीत, आणि शोधण्याजोगे नसतील तर मारायचे कशासाठी, असा त्याचा सवाल होता. आधुनिक इतिहासकारांतही यावरून एक गाजलेली चकमक झाली. जी. ई. एम. द सेंट क्रॉय यांनी १९६३ साली मांडलं की खरा मुद्दा देवांची पूजा नाकारण्याचा होता. देव कोपले तर दुष्काळ, साथ, पराभव साऱ्या नगरावर येतो, म्हणून शेजाऱ्यांना ख्रिस्ती माणूस धोक्याचा वाटत असे. ए. एन. शर्विन-व्हाइट यांनी उलट सांगितलं की अधिकाऱ्यासमोर दाखवलेला उद्दामपणा हेच कारण. मला सेंट क्रॉय यांचं पटतं. उद्दामपणा दिसतो तो प्रश्न विचारल्यानंतर. आधी कुणीतरी तक्रार घेऊन आलेला असतो, आणि तो शेजारी असतो. ज्यूही रोमन देवांना मानत नसत, पण त्यांचा धर्म पूर्वापार चालत आलेला म्हणून चालवून घेतला जाई. ख्रिस्ती लोकांनी मात्र वाडवडिलांचे देव सोडले होते.

तत्त्वासाठी मरण्याची कल्पना ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढलेली नाही. ग्रीक जगाला सॉक्रेटिस ठाऊक होता, रोमनांना आपले शूर पूर्वज. ज्यू परंपरेत त्याहून जवळचा नमुना होता. इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास अँटिओकस राजाने ज्यू धर्माचरणावर बंदी घातली, त्या काळातला वृद्ध एलाजार डुकराचं मांस तोंडात घेण्याचं नाटकही करायला नकार देतो, आणि एक आई आपल्या सात मुलांना एकामागून एक मरताना पाहत त्यांना धीर देते. या कथा मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहेत आणि त्यांत पुनरुत्थानाची आशा स्पष्ट बोलून दाखवलेली आहे. डब्ल्यू. एच. सी. फ्रेंड यांनी १९६५ च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात ख्रिस्ती हौतात्म्याची मुळं इथेच दाखवली. ग्लेन बोअरसॉक यांनी १९९५ साली ते नाकारलं. त्यांच्या मते ही गोष्ट दुसऱ्या शतकातली, आशिया मायनरच्या रोमन शहरांतल्या चौकात आणि क्रीडागारात जन्मलेली. डॅनियल बोयारिन यांनी १९९९ मध्ये वादाची चौकटच बदलली. रोमनांनी मारलेल्या रब्बी अकिवाच्या मृत्यूच्या कथा आणि ख्रिस्ती कथा शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं की दुसऱ्या-तिसऱ्या शतकात ज्यू आणि ख्रिस्ती ही दोन घरं अजून पुरती वेगळी झालेली नव्हती. कथा या घरातून त्या घरात जात-येत होत्या. तिघांतून निवडायचं तर मी बोयारिन यांच्या बाजूने उभा राहीन, पण बोअरसॉक यांचं एक निरीक्षण सोडवत नाही: या मरणांना प्रेक्षक लागत होते.

नव्या करारात स्तेफनाला जमाव दगडांनी मारतो आणि तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. म्हणजे येशूच्या मरणाची पुनरावृत्ती करतो. हाच सांधा पुढे घट्ट होत गेला. ज्या ग्रीक शब्दाचा अर्थ न्यायालयातला साक्षीदार एवढाच होता, तो दुसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत मरून साक्ष देणाऱ्यासाठी राखून ठेवला गेला. हे स्पष्ट दिसतं ते सुमारे १५५ साली स्मर्ना शहरात जाळल्या गेलेल्या बिशप पॉलिकार्पच्या वृत्तान्तात. स्मर्नाच्या मंडळीने दुसऱ्या गावच्या मंडळीला धाडलेलं हे पत्र आहे. पॉलिकार्प म्हातारा, ८६ वर्षं ज्याची सेवा केली त्या धन्याशी बेइमानी कशी करू, अशा अर्थाचं उत्तर देऊन तो शपथ नाकारतो. लेखक प्रत्येक तपशील येशूच्या अटकेशी जुळवतो: पकडायला आलेल्या अधिकाऱ्याचं नाव हेरोद, आरोपी गाढवावरून नेला जातो, दगा घरातल्याच माणसांनी दिलेला.

पण या पत्रात आणखी एक माणूस आहे, आणि माझ्या मते सारं पत्र त्याच्यासाठी लिहिलं गेलं आहे. फ्रिजियाहून आलेला क्विंटस. तो स्वतःहून पुढे झाला, इतरांनाही पुढे व्हायला लावलं, आणि श्वापदं दिसल्याबरोबर घाबरून शपथ घेऊन मोकळा झाला. पॉलिकार्प मात्र आधी मळ्यात जाऊन लपला होता आणि पकडायला आलेल्यांना त्याने जेवू घातलं. पत्र सरळ सांगतं की स्वतःला हवाली करणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही. म्हणजे हौतात्म्याच्या पहिल्या सविस्तर कथेतच हौतात्म्याबद्दलचा वाद आहे.

तो वाद पुढे मिटला नाही. अँटिओकचा बिशप इग्नेशियस दुसऱ्या शतकाच्या आरंभी बेड्या घालून रोमकडे नेला जात असताना रोममधल्या मंडळीला कळवळून विनवतो की मला सोडवायची खटपट करू नका. त्याच्या पत्रातली मरणाची ओढ आजच्या वाचकाला अस्वस्थ करते, आणि करायलाच हवी. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक क्लेमेंट उलट टोकाला. जो मुद्दाम चिथावतो तो मारणाऱ्याच्या पापात भागीदार होतो, असं तो बजावतो. रोजच्या जगण्यात वासनांवर ताबा ठेवून देवाची कबुली देणं हेही त्याला हौतात्म्यच वाटतं. टर्टुलियनने उत्तरायुष्यात पळून जाणंसुद्धा गैर ठरवलं. पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या ऑरिजेनचे वडील २०२ च्या सुमारास मारले गेले, तेव्हा किशोरवयीन ऑरिजेन त्यांच्यामागे निघाला होता. आईने त्याचे कपडे लपवून ठेवले म्हणून तो घरात थांबला. युसेबियसने आपल्या चर्चच्या इतिहासात ही हकिकत नोंदली आहे. वडिलांमागून जाणारा मुलगा आणि कपडे लपवणारी आई, दोघांची बाजू ऐकायला हवी. परंपरेने मुलाचीच अधिक ऐकली.

बायका आणि गुलाम या कथांत पुढे येतात, तेवढे त्या काळच्या दुसऱ्या लेखनात क्वचितच येतात. १७७ साली ल्यों शहरात झालेल्या हत्याकांडाच्या पत्रात सगळ्यांत उंच उभी राहते ती ब्लँडिना, एक दासी. तिच्या मालकिणीलाच भीती वाटत होती की एवढ्याशा देहाला हे सोसवायचं नाही. तिला खांबाला लटकावलं गेलं आणि सोबतच्यांना तिच्या जागी वधस्तंभावरचा ख्रिस्त दिसला. एका दासीच्या शरीरात देव दिसणं ही रोमन समाजाच्या दृष्टीने किती उलटी गोष्ट होती, याची कल्पना आज करणं कठीण आहे. त्याच पत्रात कबूल केलं आहे की दहाएक जण कच खाऊन मागे फिरले.

पर्पेच्युआपाशी मात्र थांबायलाच हवं. ७ मार्च २०३ रोजी कार्थेजच्या रिंगणात मारली गेलेली ही सुमारे २२ वर्षांची, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं मूल असलेली तरुणी. तुरुंगातल्या दिवसांचं टिपण तिने स्वतः लिहिलं, असं तो मजकूर संपादित करणारा सांगतो, आणि बहुतेक अभ्यासक ते मान्य करतात. प्राचीन जगातल्या स्त्रीने स्वतःबद्दल लिहिलेलं इतकं थोडं शिल्लक आहे की केवळ त्यासाठीही हे टिपण अमोल ठरावं. पण त्याचं मोल त्याहून मोठं आहे. ती तत्त्वज्ञान सांगत नाही. अंधाराची भीती, गर्दीचा उकाडा, शिपायांची पैशासाठी दमदाटी, दूध न मिळाल्याने मलूल झालेलं बाळ, हे ती लिहिते. मंडळीतले दोन सेवक लाच देऊन कैद्यांना काही तास बऱ्या जागेत बसवतात, तेव्हा ती बाळाला पाजते. पुढे मूल जवळ ठेवायची परवानगी मिळते, आणि तुरुंग तिला महालासारखा वाटू लागतो.

आणि वडील. ते चार वेळा येतात. पहिल्यांदा डोळे काढायला धावतात, नंतर तिचे हात हातात घेऊन चुंबतात, पायांवर लोळण घेतात, मुलगी म्हणायचं सोडून बाईसाहेब म्हणतात. आपल्या पिकल्या केसांची, तिच्या आईची, तिच्या बाळाची आण घालतात. न्यायासनापाशी ते पुन्हा गळ घालतात तेव्हा अधिकारी हिलॅरियानस त्यांना खाली ढकलून छडीने मारायला लावतो, आणि आपल्यालाच मारल्यासारखं दुःख झाल्याचं ती लिहिते. तिचं मन दगडाचं नाही. तिला वडिलांची दया येते, तरी ती हलत नाही. ख्रिस्ती हौतात्म्याची किंमत सत्तेने वसूल केली, पण मोजली घरातल्या माणसांनी. ही बाजू दाखवणारा दुसरा मजकूर मला ठाऊक नाही. सोबतची दासी फेलिसिटी आठव्या महिन्यात तुरुंगातच बाळंत झाली. तिची मुलगी मंडळीतल्या एका बाईने वाढवली. स्वतःच्या मरणाचं वर्णन पर्पेच्युआला करता येणं शक्य नव्हतं, ते दुसऱ्याने पुरं केलं. त्यात ती विस्कटलेले केस पुन्हा बांधते आणि नवशिक्या ग्लॅडिएटरचा थरथरता हात आपल्या गळ्यापाशी नेते. हा शेवट आणि टिपणातली बाई यांच्यात एक फट आहे. तिकडे वाचकाने लक्ष द्यावं.

डेसियसच्या हुकुमाने सगळंच बदललं. साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यावा, प्रसाद खावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांतला एक २६ जून २५० चा. अलेक्झांडरचं बेट या गावचा ऑरेलियस डायोजिनिस, साटाबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. आपण नेहमीच देवांना बळी देत आलो आणि आताही तुमच्यासमोर दिला, अशा मजकुराचा तो छापाचा अर्ज. हा डायोजिनिस ख्रिस्ती होता असं मानायला काही आधार नाही. हुकूम सगळ्यांनाच होता. पण ज्यांना तो जाचला ते ख्रिस्ती, आणि त्यांच्यातले पुष्कळ जण रांगेत उभे राहिले. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप टाकला, काहींनी पैसे चारून दाखला मिळवला.

वादळ ओसरल्यावर हे लोक परत आले आणि दार ठोठावू लागले. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः लपला होता, त्यामुळे त्याचा शब्द कमी पडत होता. तुरुंगात यातना भोगून जिवंत राहिलेले कबुलीदार या कच खाल्लेल्या पतितांना माफीच्या चिठ्ठ्या वाटू लागले. सोसलेल्याचा अधिकार मोठा की निवडून दिलेल्या बिशपचा? सिप्रियनने मधली वाट काढली: प्रायश्चित्त घ्या, प्रकरण पाहून परत घेऊ, पण निर्णय बिशप घेतील. रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूला तेवढीही सवलत मान्य नव्हती, तो वेगळा झाला. १४ सप्टेंबर २५८ रोजी सम्राट व्हॅलेरियनच्या कारकिर्दीत सिप्रियनचाही शिरच्छेद झाला. जाण्याआधी त्याने जल्लादाला २५ सोन्याची नाणी द्यायला सांगितली. बिशप आणि हुतात्मा हे दोन अधिकार त्या दिवशी एका माणसात एकत्र आले, आणि पुढच्या चर्चने ते सहसा वेगळे होऊ दिले नाहीत.

२३ फेब्रुवारी ३०३ रोजी निकोमिडियाचं चर्च पाडून सम्राट डायोक्लेशियनने सर्वांत मोठा छळ सुरू केला. या वेळी धर्मग्रंथ हवाली करण्याचा हुकूम होता. ३११ साली सम्राट गॅलेरियसने छळ मागे घेतला, ३१३ नंतर सम्राट कॉन्स्टंटाइनच्या छत्राखाली चर्च सुरक्षित झालं, आणि लगेच उत्तर आफ्रिकेत घर फुटलं. ग्रंथ सोपवणाऱ्यांनी अभिषेक केलेला बिशप आम्हाला चालणार नाही, असं बिशप डोनॅटसच्या अनुयायांनी सांगितलं. आपण हुतात्म्यांचं चर्च, असा त्यांचा दावा. आता त्यांच्यावर बळ वापरणारं सरकारही ख्रिस्तीच होतं, आणि त्यात मेलेल्यांना ते हुतात्मे म्हणू लागले. याला उत्तर देताना आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने निकष मांडला की हुतात्मा शिक्षेने ठरत नाही, कारणाने ठरतो. हा निकष तर्काला धरून आहे, पण तो सत्तेच्या बाजूला उभं राहून मांडला गेला हे विसरता येत नाही.

छळ संपल्यावर स्मरण वाढलं. कबरींवर मोठी चर्चं उभी राहिली, मृत्यूचा दिवस जन्मदिन म्हणून पाळण्याची जुनी रीत पसरली. ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे मिलानमध्येही हुतात्म्यांच्या स्थळी लापशी, भाकरी आणि वाइन घेऊन गेली, तर दारावरच्या माणसाने बिशप अँब्रोसचा मनाई हुकूम सांगून तिला परत पाठवलं. पितरांना नैवेद्य दाखवणाऱ्या आपल्या घरांत वाढलेल्याला मोनिकाची टोपली लगेच ओळखीची वाटेल. वाळवंटातला संन्यासी अँटनी हौतात्म्याच्या आशेने अलेक्झांड्रियाला जाऊन आला आणि परतून रोजच्या तपालाच हौतात्म्य मानू लागला. पुढच्या मठजीवनाचा एक झरा इथला. रोमच्या हद्दीतला छळ थांबल्यावर सीमेपलीकडे इराणात राजा शापूर दुसरा याच्या काळात छळ सुरू झाला, आणि त्याच्या सिरियाक कथांचं वेगळंच भांडार आहे.

या साऱ्याची छाननी जुनी आहे. बोलांडिस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेसुइट विद्वानांनी १६४३ पासून संतचरित्रांच्या हस्तलिखितांची चाळणी सुरू केली. १६८४ साली हेन्री डॉडवेल यांनी हुतात्मे फार थोडे होते असं लिहिलं, १६८९ मध्ये रुइनार्ट यांनी अस्सल वृत्तान्तांचा संग्रह काढून उत्तर दिलं. पुढे इतिहासकार गिबननी डॉडवेलचा धागा उचलला. अलीकडे प्रश्न बदलले आहेत. ज्यूडिथ पर्किन्स यांनी दाखवलं की या कथांनी सोसणाऱ्या माणसाची एक नवी ओळख घडवली. एलिझाबेथ कॅस्टेली यांनी २००४ मध्ये सामूहिक स्मृतीच्या अंगाने पाहिलं. ब्रेंट शॉ यांनी २०१५ साली नीरोच्या छळावरच शंका घेतली. कँडिडा मॉस यांचं २०१३ चं पुस्तक सर्वांत गाजलं. अखंड छळ ही नंतरची रचना आहे, आणि आजचं राजकारण तिचा वापर करतं, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण छळ तुटक होता म्हणून भीतीही तुटक होती असं होत नाही. शेजाऱ्याने कधीही बोट दाखवावं, एवढी शक्यता माणसाची झोप उडवायला पुरेशी असते.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंची कथा युरोपात गेली ती काझीसमोरच्या सवाल-जवाबाच्या रूपात, म्हणजे याच जुन्या साच्यात. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारले गेले आणि १८६२ साली संत ठरले. गोव्यातल्या कुंकळ्ळीचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. जुलै १५८३ मध्ये तिथे पाच जेसुइट मारले गेले. त्यांच्या धर्माच्या लोकांनी आधी गावची देवळं पाडली होती. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. आज त्या गावात दोन्हीकडच्या मृतांची स्मारकं आहेत आणि दोन्हीकडच्यांना हुतात्मे म्हटलं जातं. मुंबईतला हुतात्मा चौक रोज ओलांडणाऱ्या समाजाला हा मान कसा बहाल होतो हे तपासायची गरज आहे, विशेषतः आज, जेव्हा आपल्या बाजूच्या मृतांची मोजदाद आणि समोरच्यांच्या मृतांचा विसर हे राजकारणाचं रोजचं काम झालं आहे.

या पुस्तकात मूळ वृत्तान्तांची मराठी भाषांतरं आणि त्यांच्यावरचं विवेचन एकत्र दिलं आहे. निवड करताना जुनेपणा आणि ऐतिहासिक भरवसा पाहिला. म्हणून सेबॅस्टियन, कॅथरिन यांच्यासारख्या लोकप्रिय संतांच्या उशिरा रचलेल्या कथा घेतलेल्या नाहीत. कच खाल्लेल्यांना, लपलेल्यांना आणि दाखले विकत घेतलेल्यांना मुद्दाम जागा दिली आहे, कारण त्यांच्याशिवाय उरलेल्यांचा अर्थ लागत नाही. श्रद्धेने वाचणाऱ्याला विवेचन कोरडं वाटू शकेल आणि श्रद्धा नसणाऱ्याला भाषांतर भाविक. मूळ लेखकांचा सूर कमी-जास्त न करण्याचं मी ठरवलं होतं. ख्रिस्ती नावं शक्य तिथे मराठी बायबलमधल्या रूपात ठेवली आहेत, इतर नावं रुळलेल्या उच्चारात. क्रम कालानुसार आहे, पण नव्या वाचकाने तो पाळायलाच हवा असं नाही. पर्पेच्युआच्या टिपणापासून सुरुवात करून मग प्लिनीच्या पत्रव्यवहाराकडे मागे आलं तरी चालेल. सिप्रियनची प्रकरणं मात्र डेसियसच्या दाखल्यांनंतरच वाचावीत.